ज्योतीची त्रिमितीय टोमोग्राफी: पहिल्यांदाच मांडणी करणाऱ्यांसाठी

ज्योतीचा फोटो म्हणजे बेरीज. एका पिक्सेलवर पडणारा उजेड त्या रेषेत पुढे-मागे असलेल्या सगळ्या भागांचा मिळून असतो, आणि त्यातला पुढचा किती, मागचा किती हे एका फोटोवरून सांगता येत नाही. अनेक कोनांतून अशा बेरजा घ्यायच्या आणि त्यांवरून मूळ वाटप शोधायचं, हे टोमोग्राफीचं काम. गणिताचा पाया गणितज्ञ राडोन यांनी १९१७ सालीच घालून दिला आहे आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नवखे तरीही महिनोन्‌महिने अडकतात ते कॅमेरे, फिल्टर आणि कॅलिब्रेशन यांत. म्हणून या लेखात अल्गोरिदमपेक्षा टेबलावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणादाखल एकच मांडणी धरली आहे: उघड्या हवेत जळणारी, सुमारे ४० मिमी रुंदीची मिथेन-हवा ज्योत, आणि ती कडेने पाहणारे ८ कॅमेरे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच राहील.

१. नेमकं काय मोजायचं ते आधी ठरवा

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे ज्योतीचा स्वतःचा उजेड. ज्वलनात तयार होणारे उत्तेजित रेणू ठराविक तरंगलांबीवर प्रकाश देतात (* ही खूण उत्तेजित अवस्थेची): सीएच* सुमारे ४३१ नॅनोमीटरवर, ओएच* सुमारे ३०८ वर आणि सी२* सुमारे ५१६ वर. सीएच* निवडा. तो साध्या काचेच्या लेन्सने आणि साध्या औद्योगिक कॅमेऱ्याने टिपता येतो. ओएच* साठी क्वार्ट्झची लेन्स आणि अतिनील चालणारा इंटेन्सिफायर (क्षीण उजेड वाढवून दाखवणारं उपकरण) लागतो. साधी लेन्स लावली तर चित्र जवळपास काळंच येईल.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: ज्योत स्वतःचाच उजेड शोषत नाही. सीएच* च्या बाबतीत लहान ज्योतींना ते चांगलं लागू पडतं, ओएच* च्या बाबतीत तितकंसं नाही. काजळी धरणाऱ्या पिवळ्या ज्योतीत तर काजळीचा उजेड सगळ्या तरंगलांबींवर पसरतो आणि सीएच* त्यात बुडून जातो. ज्योतीत पिवळं दिसत असेल तर ही पद्धत बाजूला ठेवा आणि काजळीच्या उजेडावरून दोन रंगांत तापमान काढण्याची वाट धरा. न जळलेला वायू किंवा उष्ण धूर पाहायचा असेल तर पार्श्वभूमीच्या ठिपक्यांचं सरकणं मोजणारी श्लीरेन पद्धत बरी.

अपेक्षाही आत्ताच जमिनीवर आणा. सीएच* तुम्हाला अभिक्रियेचा पट्टा कुठे आहे ते सांगतो. तो तापमान सांगत नाही, आणि उष्णता किती निघते हेही प्रत्येक ज्योतीत सरळ प्रमाणात सांगत नाही.

२. काय काय लागेल

- बर्नर, शक्यतो स्थिर आणि गोल सममित ज्योत देणारा. मिथेन आणि हवेसाठी स्वतंत्र मास फ्लो कंट्रोलर (वायूचा प्रवाह मोजून कायम ठेवणारं उपकरण). पूर्ण ज्वलनाला १ लिटर मिथेनमागे ९.५ लिटर हवा लागते, त्यावरून कंट्रोलरची क्षमता ठरवा.
- वायूच्या नळीवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारा), वर धूर ओढणारा हूड, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. जोडण्या साबणाच्या पाण्याने तपासा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलं की ते मिश्रण पेट घेतं.
- ग्लोबल शटरचे, १२ बिटचे, बाहेरून ट्रिगर घेणारे एकरंगी कॅमेरे. रोलिंग शटर नको: त्यात वरची ओळ आणि खालची ओळ वेगवेगळ्या क्षणी टिपली जाते.
- एकाच मॉडेलच्या ५० मिमी लेन्स; ४३० नॅनोमीटर मध्य आणि १० नॅनोमीटर रुंदीचे फिल्टर.
- अंश मोजणारं फिरतं टेबल, ठिपक्यांची कॅलिब्रेशन पाटी, एक पातळ टोकदार सुई, मॅट काळा कपडा.
- ट्रिगरसाठी पल्स जनरेटर आणि तो तपासायला ऑसिलोस्कोप.

आठ कॅमेऱ्यांची सोय नसेल तर एका कॅमेऱ्यावर आणि फिरत्या टेबलावर सुरुवात करा. ज्योत स्थिर असेल तर बर्नर फिरवून एकेका कोनातून फोटो घेता येतात, आणि सगळी दृश्यं एकाच लेन्समधून आल्यामुळे निम्म्या कटकटी मुळातच येत नाहीत. फक्त नळी पिळली जाऊन प्रवाह बदलणार नाही एवढं पाहा: दोन्ही दिशांना ९० अंश फिरवा, एकाच दिशेने १८० नको.

३. अंतर, अ‍ॅपर्चर, व्हॉक्सेल: कागदावर करायचं गणित

समजा लघुकरण ०.१ ठेवलं, म्हणजे १० मिमीची वस्तू सेन्सरवर १ मिमी दिसते. ५० मिमी लेन्ससाठी ज्योत ५० × ११ = ५५० मिमी अंतरावर येते. पिक्सेल ६ मायक्रॉनचा असेल तर एक पिक्सेल ज्योतीत ०.०६ मिमी व्यापतो. ज्योतीच्या जागेचे जे छोटे घन तुकडे मोजायचे त्यांतला एक म्हणजे व्हॉक्सेल; तो ०.५ मिमीचा धरा, म्हणजे साधारण ८ पिक्सेलांना एक.

आता फोकसची खोली. इथे बहुतेक जण पिक्सेलएवढी स्पष्टता मागतात, आणि मग एफ/२२ पर्यंत अ‍ॅपर्चर बंद करून अंधारात बसतात. तुम्हाला स्पष्टता हवी आहे ती व्हॉक्सेलच्या मापाने. अर्धा व्हॉक्सेल, म्हणजे ज्योतीत ०.२५ मिमी आणि सेन्सरवर ०.०२५ मिमी, इतकी धूसरता चालते असं धरा. सूत्र असं: खोली म्हणजे २ × एफ-आकडा × चालणारी धूसरता × (१ + लघुकरण), भागिले लघुकरणाचा वर्ग. एफ/८ ला २ × ८ × ०.०२५ × १.१ ÷ ०.०१ = ४४ मिमी. ४० मिमीची ज्योत त्यात पूर्ण बसते. एफ/१६ वर गेलात तर चौपट उजेड गमवाल आणि बदल्यात काहीच मिळणार नाही.

एक्स्पोजर ज्योतीच्या वेगावरून ठरतं. २ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकणारा भाग ०.५ मिमीचा व्हॉक्सेल २५० मायक्रोसेकंदात ओलांडतो. १० मीटरला तो वेळ ५० वर येतो. खळबळती ज्योत गोठवायची असेल तर एक्स्पोजर याहून कमी हवं, आणि तिथे बहुधा इंटेन्सिफायर लागतोच. शांत ज्योतीला ५० ते २०० मिलिसेकंद बिनधास्त द्या.

आणखी एक सापळा फिल्टरचा. हस्तक्षेपी फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याची खिडकी निळ्याकडे सरकते. १० अंशांना सरक सुमारे १.६ नॅनोमीटर, २० अंशांना सुमारे ६. जागा वाचवायला ८ मिमीची लेन्स जवळ लावली की चित्राच्या कडा काळवंडतात, आणि मग ज्योत कडेला क्षीण आहे असा निष्कर्ष काढला जातो. ५५० मिमी अंतरावरून २० मिमी बाजूचा बिंदू केवळ २ अंशांत येतो, म्हणून लांब लेन्स बरी.

४. कॅमेरे कुठे लावायचे

आठ कॅमेरे गोलाकार, प्रत्येकी ४५ अंशांवर: दिसायला सुंदर, उपयोगाला निम्मं. समोरासमोरचे दोन कॅमेरे जवळजवळ तीच बेरीज मोजतात, फक्त उलटी. म्हणजे आठातले चारच कामाचे. कॅमेरे १८० अंशांत पसरा, २२.५ अंशांच्या अंतराने. पूर्ण वर्तुळात लावायचेच असतील तर संख्या विषम ठेवा: ९ कॅमेरे ४० अंशांवर लावले की प्रत्यक्षात दर २० अंशांना एक नवं दृश्य मिळतं.

आठ दृश्यं पुरतात का? काटेकोर नियमाने नाही. दृश्यांची संख्या म्हणजे π (पाय) × वस्तूची रुंदी ÷ हवी असलेली बारकाई. ४० मिमी रुंदीत २ मिमी बारकाई मागितली तर ६३ दृश्यं येतात. प्रत्यक्षात निकाल त्याहून बराच बरा लागतो, कारण ज्योतीतला बहुतेक भाग रिकामा असतो आणि उजेड ऋण असू शकत नाही, या दोन गोष्टी अल्गोरिदमला आयत्या मिळतात. तरी ०.५ मिमीचा व्हॉक्सेल म्हणजे ०.५ मिमीची बारकाई नव्हे, हे शोधनिबंध लिहिताना विसरू नका. मिथेन-हवा ज्योतीचा पट्टा वातावरणाच्या दाबाला सुमारे अर्धा मिमी जाड असतो आणि सीएच* चा थर त्याहूनही पातळ. तुमच्या निकालात तो दोन-तीन मिमी दिसेल. ती जाडी ज्योतीची नाही, पद्धतीची आहे.

प्रत्येक कॅमेऱ्यासमोर, ज्योतीच्या पलीकडे काळा कपडा हवा. कॅमेऱ्यांवरचे छोटे दिवे टेपने झाका. बर्नरची चकचकीत कड ज्योतीचं प्रतिबिंब देते आणि ते प्रतिबिंब पुनर्रचनेत (फोटोंवरून ज्योत परत उभी करताना) बर्नरच्या खाली दुसरी, भुताटकीची ज्योत बनून उभं राहतं; कडेवर उष्णतारोधक मॅट काळा रंग द्या.

५. आधी खोटी ज्योत

खरेदीच्या आधी संगणकात एक बनावट ज्योत तयार करा, तिची ८ दृश्यं काढा, त्यांत गोंगाट मिसळा आणि पुनर्रचना करून पाहा. कॅमेरे किती आणि कुठे, याचं उत्तर इथेच मिळतं. मात्र बनावट दृश्यं ज्या जाळीवर काढली त्याच जाळीवर परत सोडवली तर निकाल खोटा सुंदर येतो. दृश्यं दुप्पट बारीक जाळीवर काढा. बनावट ज्योत असममित असू द्या, म्हणजे आरसा-उलट झालेलंही इथेच पकडलं जाईल.

६. भूमितीचं कॅलिब्रेशन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पाटी घ्या मॅट काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, ठिपक्यांतलं अंतर ५ मिमी. बर्नरच्या जागी फिरतं टेबल ठेवून त्यावर पाटी उभी करा आणि दर १० किंवा १५ अंशांना सर्व कॅमेऱ्यांतून फोटो घ्या. पाटीची पाठ काही कॅमेऱ्यांना कधीच ठिपके दाखवणार नाही; म्हणून तर टेबल फिरवायचं. टेबलाचा कोन माहीत असल्यामुळे सगळे कॅमेरे एकाच अक्षाला बांधले जातात. शिवाय काही फोटो पाटी तिरकी धरून घ्या, नाहीतर लेन्सचं फोकल अंतर आणि कॅमेऱ्याचं अंतर यांची एकमेकांत सरमिसळ होते. एकूण १५ ते २० स्थिती पुरतात. मग ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं कॅमेरा कॅलिब्रेशन चालवा.

फिल्टर लावूनच कॅलिब्रेट करा. ३ मिमी जाडीची काच लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आली की फोकस सुमारे १ मिमी मागे सरकतो. फिल्टरशिवाय केलेलं कॅलिब्रेशन तेव्हाच निकामी होतं. पण मग पाटी दिसत नाही अशी तक्रार येते. खरं आहे: ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी त्या फिल्टरमधून जवळजवळ जात नाही. हॅलोजन दिवा लावा आणि एक्स्पोजर वाढवा.

प्रत्येक कॅमेऱ्याची परत-प्रक्षेपणाची चूक (ठिपका हिशेबाने जिथे यायला हवा आणि फोटोत जिथे दिसतो त्यांतला फरक) ०.३ पिक्सेलच्या आत यायला हवी. ती आली म्हणून काम झालं असं समजू नका. हा आकडा एकेका कॅमेऱ्यापुरता असतो. आठही कॅमेरे एकाच जगात आहेत का, ते तो सांगत नाही. त्यासाठी सुई. सुईचं टोक ज्योतीच्या जागेत पाच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रत्येक कॅमेऱ्यात टोकावर क्लिक करा, आणि त्या पिक्सेलांतून निघणाऱ्या रेषा अवकाशात एकमेकींच्या किती जवळून जातात ते काढा. ०.१ मिमीच्या आत असेल तर उत्तम. एखादाच कॅमेरा १ मिमी बाहेर असेल तर त्याचा स्टँड हलला आहे. सगळेच बाहेर असतील तर निर्देशांकांच्या दिशा तपासा: चित्राचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात की खालच्या, मोजणी ० पासून की १ पासून.

शेवटी पाटी काढून बर्नर ठेवा आणि विझलेल्या बर्नरचा फोटो प्रत्येक कॅमेऱ्यातून घेऊन ठेवा. दिवसाच्या शेवटी तोच फोटो पुन्हा. बर्नरची कड दोन पिक्सेलांपेक्षा जास्त सरकलेली दिसली तर त्या दिवसाच्या नोंदींवर विसंबू नका.

७. उजेडाचं कॅलिब्रेशन

आठ फिल्टर कागदावर सारखे, प्रत्यक्षात मध्य एक-दोन नॅनोमीटरने इकडेतिकडे. त्यामुळे एकाच ज्योतीचा उजेड प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळा येतो. हे गुणोत्तर हॅलोजन दिव्याने काढू नका: दिव्याचा वर्णपट सपाट, सीएच* चा टोकदार, त्यामुळे दिव्याने काढलेलं गुणोत्तर ज्योतीला लागू पडत नाही. दिव्याचा उपयोग चित्राच्या मध्य आणि कडेतला फरक काढण्यापुरता ठेवा. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांतलं गुणोत्तर स्थिर सममित ज्योतीनेच काढा. ती सगळ्या बाजूंनी सारखी असते, म्हणून काळी चित्रं (ज्योत विझवून घेतलेली) वजा केल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांतल्या एकूण बेरजा सारख्या यायला हव्यात. नसतील तर जितका फरक तितक्याने गुणायचं.

हीच बेरीज पुढे रोजची तपासणी म्हणून वापरा. ज्योत कितीही वेडीवाकडी असली तरी तिचा एकूण उजेड कुठूनही पाहिला तरी तितकाच. २–३ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर पुनर्रचना सुरूच करू नका.

८. प्रत्यक्ष नोंद

कॅमेरे अर्धा तास आधी चालू ठेवा. ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, ऑटो ब्लॅक लेव्हल बंद, गॅमा १, फाइल १६ बिट टिफ किंवा रॉ, जेपीईजी कधीच नाही. ब्लॅक लेव्हल अनेक कॅमेऱ्यांत मेनूच्या आत वेगळ्याच ठिकाणी असतो आणि तो राहून गेला की काळ्या भागाचं मूल्य फोटोगणिक बदलतं. सर्वांत तेजस्वी पिक्सेल ४०९५ पैकी ३००० च्या आसपास ठेवा.

बर्नर विझवून, त्याच एक्स्पोजरला ५० काळी चित्रं. मग ज्योत. स्थिर ज्योतीची ५० ते १०० चित्रं घेऊन सरासरी काढा. ४३१ वरच्या सीएच* च्या उंचवट्याखाली कार्बन डायऑक्साइडचा रुंद फिका उजेडही असतो. आकडे काटेकोर हवे असतील तर शेजारच्या, सीएच* नसलेल्या पट्ट्याचा फिल्टर लावून तो वेगळा मोजा आणि वजा करा.

खळबळत्या ज्योतीत ट्रिगर ऑसिलोस्कोपवर पाहा. कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर सिग्नलची तार जोडा, ट्रिगरची नाही. ट्रिगर सगळ्यांना एकाच क्षणी पोचतो, शटर मात्र प्रत्येकाचं आपापल्या विलंबाने उघडतं.

९. पुनर्रचना

चित्रं २ × २ पिक्सेलांची बेरीज करून लहान करा. १०० × १०० × १०० व्हॉक्सेल म्हणजे १० लाख अज्ञातं; ८ कॅमेऱ्यांचे ४०० × ४०० पिक्सेल म्हणजे १२.८ लाख समीकरणं. प्रत्येक रेषा साधारण दीडशे व्हॉक्सेलांतून जाते, म्हणजे वजनांचं (कोणत्या रेषेत कोणत्या व्हॉक्सेलचा वाटा किती याचं) कोष्टक दीड जीबीच्या आसपास. साध्या संगणकात बसतं. अ‍ॅस्ट्रा टूलबॉक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे कोष्टक न साठवता ग्राफिक कार्डवर सोडवतं आणि प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र जागा व दिशा घेतं. लेन्समुळे चित्रात येणारं वाकणं मात्र चित्रं देण्याआधी तुम्हालाच सरळ करावं लागतं.

पहिली पायरी रिकामी जागा छाटणं: जो व्हॉक्सेल एका जरी कॅमेऱ्यात पूर्ण काळ्या भागावर पडतो तो शून्य. मग एआरटी किंवा एसआयआरटी: अंदाज फेरीफेरीने सुधारत नेणाऱ्या दोन पद्धती. एआरटीला शिथिलन (दर वेळी दुरुस्तीचा किती भाग लावायचा) ०.१ ते ०.२ आणि ५ ते १० फेऱ्या, एसआयआरटीला १०० ते २०० फेऱ्या, ऋण मूल्यं प्रत्येक फेरीत शून्य करून. फेऱ्या जास्त म्हणजे चांगलं असं नाही. सुरुवातीला ज्योत उमटते, पुढे पुढे गोंगाट उमटायला लागतो. रेषारेषांचं जाळं दिसू लागलं तर फेऱ्या कमी करा किंवा गुळगुळीतपणाची अट घाला.

१०. निकाल खरा का ते पाहणं

सात कॅमेऱ्यांवरून पुनर्रचना करा, आठव्याला काय दिसायला हवं ते त्यावरून काढा आणि खऱ्या फोटोशी ताडून पाहा. असं आठही कॅमेऱ्यांबाबत एकेक करून करा. एकाच कॅमेऱ्याचं जमत नसेल तर दोष त्या कॅमेऱ्याचा: स्टँड, फिल्टर, किंवा उजेडाचं गुणोत्तर. कुणाचंच जमत नसेल तर सहाव्या पायरीवर परत जा. फेऱ्या किती हेही याच चाचणीने ठरवा: वगळलेल्या कॅमेऱ्याची चूक वाढू लागली की थांबा.

सममित ज्योतीवर आबेल व्युत्क्रम एका फोटोवरून आतलं वाटप देतो. तुमच्या निकालाचा आडवा छेद त्याच्याशी जुळायला हवा. त्यानंतर मुद्दाम सममिती मोडा. बर्नरच्या तोंडावर एका बाजूला पातळ तार आडवी ठेवा आणि ज्योतीतली खाच निकालात त्याच बाजूला, त्याच उंचीवर येते का ते पाहा. ती समोरच्या बाजूला आली तर एखादा अक्ष उलटा आहे. हा दोष सममित ज्योतीत कधीच दिसत नाही आणि वगळलेल्या कॅमेऱ्याच्या चाचणीतूनही सुटू शकतो, कारण संपूर्ण जग आरशात गेलेलं असेल तर सगळे कॅमेरे आपापसात जुळतातच.